चला चित्रकोटला, पण एक रात्र राहायला

रायपूरमध्ये कुणालाही विचारा, "इथून बघण्यासारखं काय आहे?" उत्तरात चित्रकोटचं नाव येणारच. सांगणारा इतक्या सहज सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, दुपारचं जेवण आटोपून निघालं तर संध्याकाळच्या चहाला परत! प्रत्यक्षात रायपूर ते जगदलपूर हे अंतर जवळजवळ तीनशे किलोमीटर आहे आणि तिथून धबधबा आणखी चाळीस किलोमीटर. पुण्याहून निघून सोलापूर ओलांडून पुढे जावं, तेवढा हा पल्ला. तरीही रायपूरकरांना तो लांब वाटत नाही. सुट्ट्या लागल्या, पाहुणे आले, घरात नवी सून आली, की बस्तरची फेरी ठरलेली!

या फेरीचा ठरावीक साचाही आता तयार झाला आहे. जगदलपूरला सकाळी मोटार ठरवायची, तासाभरात चित्रकोट, कठड्याला टेकून फोटो, मग उलट दिशेला तीरथगड, जमलं तर कुटुमसरची गुहा आणि दिवेलागणीला पुन्हा जगदलपूर. एका दिवसात तीन ठिकाणं 'झाली' याचं समाधान मिळतं. पण चित्रकोट असा तासाभरात बघण्याचा धबधबा नाही. तो सकाळी वेगळा दिसतो, दुपारी वेगळा आणि भाद्रपदात पाहिलेला चित्रकोट पौषात ओळखूही येत नाही. म्हणून ज्याला कुठल्याही सहल कंपनीशिवाय, आपल्या पिशवीनिशी आणि आपल्या सवडीने हिंडायचं आहे, त्याने इथे एक रात्र तरी मुक्काम करावा.

महाराष्ट्रातून रायपूर गाठणं सोपं आहे. मुंबई-हावडा मार्गावरचं हे मोठं स्टेशन. हावडा मेल, गीतांजली, पुण्याची आझाद हिंद या गाड्या इथे थांबतात. नागपूरहून तर रेल्वेने अंतर तीनशे किलोमीटरच. मराठी माणसाला हे गाव परकं वाटण्याचं कारणही नाही. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर बसला आणि त्यांच्याबरोबर कारकून, शिपाई, पुरोहित अशी बरीच मराठी घरं इकडे आली. पुढे १९५६ पर्यंत रायपूर ज्या राज्यात होतं, त्याची राजधानी होती नागपूर. गावातला तात्यापारा आपल्या नावातूनच ही ओळख सांगतो आणि १९३५ साली स्थापन झालेलं इथलं महाराष्ट्र मंडळ आजही चौबे कॉलनीत गणेशोत्सवाच्या धामधुमीत असतं.

रायपूरहून जगदलपूरला सरळ जाणारी रेल्वे नाही. जगदलपूरला रेल्वे आहे, पण ती पूर्वेकडून, विशाखापट्टणमहून येते. बैलाडिलाचं लोहखनिज बंदरावर नेण्यासाठी १९६० च्या दशकात तो लोहमार्ग घातला गेला. तेव्हा रायपूरहून जायचं ते बसनेच. भाटागावच्या बसतळावरून दिवसरात्र गाड्या सुटतात. आपल्या एसटीची सवय असलेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. छत्तीसगडमध्ये सरकारी परिवहन मंडळ नाही. सगळ्या गाड्या खासगी, त्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी वेळ, थांबे आणि गाडीची अवस्था या तिन्हींची चौकशी करावी.

बरेच जण रात्रीची शयनयान बस पकडतात. पहाटे जगदलपूर, म्हणजे दिवस वाचला! हिशेब बरोबर आहे, पण त्यात रस्ता हुकतो. धमतरीपर्यंत दोन्ही बाजूंना भाताची खाचरं आहेत, अगदी क्षितिजापर्यंत. छत्तीसगडला 'धान का कटोरा' का म्हणतात, ते खिडकीतूनच कळतं. कांकेरनंतर काळे गुळगुळीत खडक आणि साल वृक्षांची दाटी सुरू होते आणि मग येतो केशकालचा घाट. बारा वळणांचा हा घाट चढून गाडी बस्तरच्या पठारावर येते. वाटेत तेलीन मातेचं मंदिर लागतं. तिथे बरेच ड्रायव्हर वेग कमी करतात, कुणी नारळ फोडतो, कुणी नुसताच हात जोडतो. मालमोटारींची वर्दळ वाढली की या घाटात गाड्या अडकून पडतात, तेव्हा बरोबर पाणी आणि थोडं खाणं असावं. सहा-सात तासांचा प्रवास धरून चालावं. लवकर झाला तर आनंद.

कोंडागाव आलं की हवा, भाषा, बाजार सगळंच बदललेलं जाणवतं. रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'आमचो बस्तर' अशी अक्षरं दिसतात आणि कोकणातला प्रवासी एकदम सावरून बसतो. हे तर आपलंच! ही हलबी बोली. 'आमचो', 'तुमचो', 'मोचो' अशी तिची रूपं मालवणीच्या कानाला ओळखीची वाटतात. ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांची पाहणी केली, तेव्हा हलबीचा विचार मराठीच्या खंडात केला होता. नंतरच्या अभ्यासकांना तिच्यात ओडिया आणि छत्तीसगढीचाही मोठा वाटा दिसला. वाद काहीही असो, बस्तरच्या बाजारात मराठी माणसाने हळू आणि साधं बोललं, तर अर्धं तरी समजतं आणि समोरचा माणूस हसून उरलेलं अर्धं समजावून सांगतो.

जगदलपूर हे टुमदार गाव आहे. दलपत सागर तलाव, दंतेश्वरीचं मंदिर, राजवाडा आणि पंचाहत्तर दिवस चालणारा इथला दसरा यांच्यावर वेगळा लेख व्हावा. धबधब्यासाठी आलेल्याने इथे फक्त दोन कामं करावीत. गरजेपुरते रोख पैसे जवळ ठेवावेत आणि चित्रकोटला जाणारं वाहन ठरवावं. लोहंडीगुड्याच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या आणि जीप मिळतात, पण त्यांना आपल्यासारखी घाई नसते. माणसं भरली की निघतात. कुटुंब बरोबर असेल तर मोटार ठरवणं बरं, मात्र ती 'सोडायला' ठरवावी, 'दिवसभरासाठी' नव्हे. जीपने जाणाऱ्याने परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे उतरतानाच विचारून ठेवावं.

चित्रकोटला पोहोचल्यावर पहिला धक्का बसतो तो डोळ्यांना नव्हे, कानांना. डोंगर नाही, दरी नाही, सपाट पठारावरून संथ वाहणारी रुंद नदी. असला आवाज येतो कुठून? चार पावलं पुढे गेलं की जमीनच संपते. इंद्रावती घोड्याच्या नालेच्या आकारात एकदम खाली कोसळते. उंची सुमारे २९ मीटर, म्हणजे नऊ-दहा मजली इमारतीएवढी. भर पावसात पाण्याची रुंदी जवळजवळ तीनशे मीटर होते. रुंदीच्या बाबतीत भारतात याला तोड नाही.

याच आकारामुळे त्याला 'भारताचा नायगारा' म्हणतात. जाहिरातीला हे नाव ठीक आहे. नायगाराचा नालेच्या आकाराचा धबधबा उंचीला याच्या जवळजवळ दुप्पट आणि रुंदीला दुपटीहून जास्त आहे, तेव्हा तुलनेत चित्रकोटचं नुकसानच होतं. आपल्या घरातल्या मुलीचं कौतुक शेजारणीच्या मुलीच्या नावाने कशाला करायचं? नायगाराच्या काठावर शहर वसलं आहे, इथे काठावर एक खेडं आहे आणि संध्याकाळी त्या खेड्यातली गुरं पाणवठ्यावरून घराकडे परतताना दिसतात.

कोणत्या दिवसांत जावं, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. याचं एक उत्तर नाही. जुलै ते सप्टेंबर नदी तांबडी होऊन येते, गढूळ, फुगलेली. नालेचा सगळा कडा एकाच पडद्याने झाकला जातो आणि तुषारांनी समोरचं काहीसुद्धा दिसेनासं होतं. हे रूप पाहिलेला माणूस फार बोलत नाही. पण त्या दिवसांत खाली नावा चालत नाहीत आणि खडकांवर पाय ठरत नाही. दिवाळीनंतर पाणी निवळतं. एका पडद्याच्या अनेक पांढऱ्या धारा होतात, मधले काळे खडक उघडे पडतात आणि खालच्या डोहात गावातले नावाडी होड्या सोडतात. होडी धारेच्या जवळ नेली की मुलं आनंदाने ओरडतात आणि आया पदर सावरत ओरडतात. जीवरक्षक जाकीट मागून घ्यावं. नावाडी 'काही होत नाही' म्हणाला तरी. घरातली वडील माणसं बरोबर असतील तर हा हिवाळ्याचा मोसमच बरा. चित्रकोटची गंमत अशी, की गुडघे दुखणाऱ्या आजींनाही तो वरच्या सपाटीवरून पुरता दिसतो, पायऱ्या उतराव्या लागत नाहीत.

दुपार कलली, ऊन समोरून धारांवर पडलं की तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. चारच्या सुमाराला सहलीच्या गाड्या निघू लागतात. भजी, भुईमूग, पेरू विकणाऱ्या बायका टोपल्या आवरतात. पाच-साडेपाचला काठावर उरतात ती गावातली पोरं, एखादा मासे धरणारा आणि इथे मुक्काम केलेले चार-दोन प्रवासी. राज्याच्या पर्यटन मंडळाचं 'दंडामी' नावाचं निवासस्थान अगदी काठावर आहे. सुट्टीच्या दिवसांत तिथली जागा बरीच आधी ठरवावी लागते. अंधार पडल्यावर धबधबा दिसेनासा होतो आणि त्याचा आवाज मात्र वाढतो. पहिल्या तासात त्या आवाजाने झोप लागणार नाही असं वाटतं. मग तो कधी अंगाईसारखा होतो, ते कळत नाही. सकाळी उठून काठावर यावं तर डोहावर धुकं असतं आणि पाणी वरून कोसळून त्या धुक्यातच नाहीसं होतं. मोटारीने तासाभरात येऊन गेलेल्यांच्या फोटोत हे धुकं नसतं.

मात्र ज्यांनी मे महिन्यात चित्रकोट पाहिला आहे, त्यांना वेगळंच काही सांगायचं असतं. त्या दिवसांत रुंद कड्याच्या एका कोपऱ्यातून दोन-तीन बारीक धारा पडतात, बाकी सगळा उघडा खडक. मे महिन्यात कुठला धबधबा भरून वाहतो, असं कुणी म्हणेल. पण इंद्रावतीचं दुखणं एवढं साधं नाही. ही नदी ओडिशात कालाहंडीच्या डोंगरात उगम पावते. तिथे वरच्या भागात मोठं धरण आहे आणि त्याचं पाणी वीज तयार करून महानदीच्या खोऱ्याकडे वळवलेलं आहे. त्याखाली, जगदलपूरच्या अलीकडे, राज्याच्या सीमेवर जोरा नावाचा नाला आहे. पूर्वी नदीला पूर आला की जास्तीचं पाणी या नाल्यात शिरे आणि शबरी नदीला मिळे. हळूहळू उलटं झालं. नाला खोल होत गेला, नदीच्या तोंडाशी वाळू साचली आणि उन्हाळ्यात नदीचं बरंचसं पाणी नाल्याच्याच वाटेने जाऊ लागलं. सीमेवरून बस्तरच्या वाट्याला वर्षाला ४५ टीएमसी पाणी यावं, असा दोन राज्यांमधला १९७० च्या दशकातला करार आहे. पण वर्षाची बेरीज पावसाळ्यात भरून निघते, तहान उन्हाळ्यात लागते.

२०१९ च्या उन्हाळ्यात चित्रकोटची धार जवळजवळ तुटली. तेव्हा जगदलपूरचे नागरिक 'इंद्रावती बचाओ' म्हणत नदीकाठाने पायी चालत निघाले. व्यापारी, शिक्षक, गृहिणी, शेतकरी सगळे त्यात होते. त्यांना चिंता होती ती केवळ पर्यटकांची नव्हे. जगदलपूरच्या नळाला येणारं पाणी याच नदीचं आणि काठावरच्या शेतातली उन्हाळी भाजी, मकाही याच नदीवर.

असा प्रश्न एकट्या चित्रकोटचाच आहे असं नाही. शरावतीवर लिंगनमक्कीचं धरण झाल्यावर जोगचा धबधबा किती दिसावा, हे धरणाच्या दारांवर ठरू लागलं. खुद्द नायगारालासुद्धा वीजनिर्मितीसाठी किती पाणी काढायचं आणि धबधब्याला किती सोडायचं, हे अमेरिका आणि कॅनडा यांनी १९५० च्या कराराने ठरवून घेतलं. तिथे पर्यटनाच्या मोसमात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी कड्यावरून सोडायचं आणि रात्री त्याच्या निम्मं, असं चक्क कागदावर लिहिलेलं आहे! म्हणजे 'भारताचा नायगारा' हे नाव लावायचंच असेल, तर खऱ्या नायगाराची ही एक गोष्ट उचलायला हरकत नव्हती. तिकडे धबधब्याच्या वाट्याचं पाणी तासाच्या हिशेबाने ठरलं आहे, इकडे ते वर्षाच्या बेरजेत हरवतं.

मराठी वाचकाला या पाण्याशी आणखी एक नातं आहे. चित्रकोटवरून कोसळलेलं पाणी पश्चिमेकडे वाहत जातं, बस्तरचं जंगल ओलांडून गडचिरोलीच्या सीमेला लागतं, भामरागडला पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांना भेटतं आणि पुढे सिरोंचा तालुक्यात गोदावरीला मिळतं. नाशिकहून आलेली गोदावरी आणि चित्रकोटहून आलेली इंद्रावती तिथे एक होतात.

दुसरा दिवस तीरथगडला द्यावा. चित्रकोटहून आधी जगदलपूरला परत यायचं आणि मग दक्षिणेकडे पस्तीसेक किलोमीटर. हा रस्ता कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यानातून जातो. सुमारे दोनशे चौरस किलोमीटरचं हे जंगल १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०२५ मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत आलं. साल, साग, बांबू, वेली. माणसासारखी बोलणारी बस्तरची पहाडी मैना, म्हणजे राज्याचा पक्षी, इथेच राहते. ती दिसेलच असं नाही, ऐकू मात्र येते.

तीरथगड चित्रकोटच्या अगदी उलट. चित्रकोट रुंद, हा उंच. सुमारे ९० मीटर उंचीवरून पाणी पायऱ्यापायऱ्यांनी, पांढऱ्या पदराच्या चुण्यांसारखं उतरत येतं. खाली जायला भरपूर पायऱ्या आहेत. उतरताना मजा वाटते, चढताना प्रत्येक पायरी आठवण करून देते. खाली शिवपार्वतीचं मंदिर आहे आणि वर माकडं. हातात खाऊ उघडा ठेवू नये, हे सांगूनही कुणी ऐकत नाही आणि मग माकडांचं फावतं. शेवाळलेल्या खडकांवर फोटोसाठी चढणारी तरुण मुलं पाहून मात्र काळजाचा ठोका चुकतो. अशा जागी पाय घसरून जीव गेल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात कुठून ना कुठून येतात. खडकाला आपण मुंबईचे की रायपूरचे हे कळत नाही.

कुटुमसरची गुहाही याच उद्यानात आहे. चुनखडीत पाण्याने कोरलेली, आत लोलकांसारखे खडक लोंबणारी. तिच्या आतल्या डबक्यांत पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहून दृष्टी आणि रंग गमावलेले मासे आहेत. पावसाळ्यात गुहेत पाणी भरतं, म्हणून ती बंद असते. हिवाळ्यात वाटाड्याबरोबरच आत सोडतात. दमा असणाऱ्यांनी किंवा कोंडल्या जागेत जीव घाबरा होणाऱ्यांनी बाहेर सालाखाली बसावं, तेही वाईट नाही.

बस्तरला निघतो म्हटलं की घरातलं कुणीतरी भीतीचा विषय काढतंच आणि तो काढण्यात चूक नाही. याच कांगेर घाटीला लागून असलेल्या दरभा भागात, झीरम घाटीत, २५ मे २०१३ रोजी नक्षलवाद्यांनी काँग्रेसच्या नेत्यांच्या ताफ्यावर हल्ला केला होता. कितीतरी वर्षं त्या भीतीने बाहेरचा प्रवासी इकडे फिरकला नाही आणि त्याची किंमत इथल्या नावाड्याने, टोपलीवालीने मोजली. नंतरच्या काळात परिस्थिती पुष्कळ निवळली. जगदलपूर, चित्रकोट, तीरथगड या वाटेवर आता लेकुरवाळी कुटुंबं सर्रास दिसतात. तरीही मुख्य रस्ता सोडून अनोळखी जंगलात शिरू नये, प्रवास उजेडात करावा आणि निघण्यापूर्वी जगदलपूरला चौकशी करावी. बाजारात कुणाचाही, विशेषतः बायकांचा, फोटो विचारल्याशिवाय काढू नये. दागिने आणि गोंदण बघण्यासाठी ती माणसं बाजारात आलेली नसतात, ती मीठ-तेल घ्यायला आलेली असतात.

आठवडी बाजार लागला तर तासभर थांबावं. मोहाची फुलं, चिंच, सालाच्या पानांचे द्रोण, आणि हिंमत असेल तर तांबड्या मुंग्यांची चापडा चटणी. आंबट, झणझणीत आणि एकदा चाखली की गप्पांना वर्षभर पुरणारी!

परतीची बस दिवसाचीच घ्यावी. कोंडागावला गाडी थांबते तेव्हा रस्त्याकडेच्या दुकानांत ढोकरा कामाचे हत्ती, घोडे, दिवे मांडलेले दिसतात. आधी मेणाची तार गुंडाळून आकार घडवायचा, त्यावर माती लिंपायची, मेण वितळवून त्या जागी पितळ ओतायचं. प्रत्येक वस्तूचा साचा एकदाच वापरता येतो, म्हणून दोन घोडे कधी सारखे नसतात. दुकानात घासाघीस करण्याइतका वेळ बस थांबत नाही, तेव्हा काय घ्यायचं ते आधीच ठरवून ठेवावं आणि सुटे पैसे हातात. पुढे केशकालचा घाट उतरताना उजेड असला, तर खिडकीजवळची जागा सोडू नये.